आधी हाड, मग कातडी

सरकारी दवाखान्यातल्या त्या हाडांच्या डॉक्टरांना सगळे मागून 'सुतार' म्हणत. हातोडा, छिन्नी, करवत, स्क्रू, हीच त्यांची हत्यारं. समोर रोज रक्तामांसाचा चिखल: यंत्रात हात गेलेले, भावाभावांच्या भांडणात कुऱ्हाड खाल्लेले, ट्रकखालून ओढून काढलेले. एकदा एका दगावलेल्या पेशंटच्या पुतण्यानं लोखंडी स्टूल त्यांच्या पाठीत घातलं. डॉक्टरांनी तेच स्टूल उचलून त्याच्या खांद्यावर हाणलं, आणि मग शिव्या देत देत तोच खांदा जागेवर बसवून दिला. राग नाकाच्या शेंड्यावर, पण मोडलेलं हाड दिसलं की हात आपोआप पुढे जायचा, मग ते कुणाचं का असेना.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला तर घराची काय गत होईल, या धास्तीनं बायकोनंच त्यांना रंगांची पेटी आणून दिली.

"अहो, काय चिरायचं-फाडायचं ते आता यावर," ती म्हणाली.

आणि डॉक्टर खरंच चित्रकार झाले! पण तऱ्हा जगावेगळी. कॅनव्हासची चौकट स्वतः ठोकायची, मागे मनगटाएवढी जाड आडवी फळी. "हत्ती झोपणार आहे का त्यावर?" असं बायको विचारी. मग चेहरा काढताना आधी हाडं, त्यावर मांस, सगळ्यात शेवटी कातडी. बायकोचं चित्र चाललेलं असताना ती नेमकी चहा घेऊन आत आली, तर समोर कवटी, आणि कवटीला तिचा चष्मा.

"अगं बाई, जिवंतपणीच मला वर पाठवलंत की!" म्हणून तिनं दोन दिवस अबोला धरला.

मुलगी माहेरी आली तेव्हा डॉक्टरांनी तिला खिडकीशी बसवलं. तिला ते लाडानं ठमाबाई म्हणत. हाडं काढायची म्हणजे आधी ती बोटांनी चाचपायची, ही त्यांची शिस्त. कपाळ झालं, गाल झाले. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट आलं आणि थांबलं. हाड मोडून वेडंवाकडं जुळलं होतं, पायरीसारखं.

"हे कधी झालं?"

"बाथरूममध्ये पाय घसरला, बाबा."

पाय घसरलेल्या बायका त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की गावातल्या सगळ्या मोऱ्यांना कुणी तेल फासलं होतं की काय! प्रत्येकीचं हाड त्यांनी जुळवलं, आणि प्रत्येकीला बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या हवाली केलं. कधी एका शब्दानं विचारलं नाही. आता तेच बोट पोटच्या पोरीच्या जबड्यावर होतं.

"पडलेल्याची हनुवटी आपटते, ठमाबाई. इथलं हाड समोरच्याच्या उजव्या मुठीनं मोडतं."

तिनं त्यांचं बोट बाजूला केलं. म्हणाली, "तो एरवी चांगला आहे हो. मी डोळे गच्च मिटून घेते, क्षणात संपतं सगळं. संध्याकाळी तो न्यायला येतोय. मी जाणार आहे. तुम्ही त्याला काही बोलायचं नाही, माझी शपथ आहे."

त्याच्या घरी जाऊन त्याच्या दोन्ही मांड्या हातोड्यानं फोडाव्यात, असं डॉक्टरांना वाटलं. अगदी तसंच वाटलं. पण त्यांनी ब्रश उचलला. हाड काढलं, हाडावरची ती पायरी काढली, मग मांस, मग कातडी. दुपार कलेपर्यंत कॅनव्हासवर मुलीचा चेहरा तयार झाला, कुठं ओरखडा म्हणून नाही.

संध्याकाळी जावई आला. बोलणं साखरेत घोळलेलं. "वा, बाबा! हुबेहूब!"

शपथ गेली चुलीत. डॉक्टर म्हणाले, "जावईबापू, या कातडीखाली तुमची सही आहे. डाव्या कानाखाली."

जावयाचा चेहरा उतरला. "काय सांगितलंस बापाला?" म्हणत तो तिच्यावर धावला. डॉक्टर मधे आले. त्यांच्या छातीत धक्का बसला, पाठ भिंतीवर आपटली, पण ते हटले नाहीत. तेव्हा त्यानं वळून चित्रातल्या चेहऱ्यावरच मूठ घातली. कॅनव्हास फाटला, मागच्या फळीवर कडकन आवाज झाला.

मूठ नेमकी डाव्या कानाखाली घुसली होती. ठमाबाईचे डोळे आज उघडे होते. तिनं पहिल्यांदाच त्याला मारताना पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग कमी आणि सराव जास्त होता.

जावई हात पोटाशी धरून विव्हळायला लागला. "बाबा, बघा ना! हाड मोडलं!"

करंगळीमागचं हाड. डॉक्टरांना लांबूनच कळलं. सवयीनं त्यांचा हात पुढे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग त्यांनी फडकं घेऊन ब्रश पुसायला सुरुवात केली.

"मी रिटायर झालोय. कोपऱ्यावर दवाखाना आहे."

"तिथं काय सांगू?"

ठमाबाईनं दार उघडलं. ती मागोमाग येईल, या भरवशावर तो उंबरा ओलांडून बाहेर पडला.

"सांग, पाय घसरला," ती म्हणाली, आणि तिनं आतून कडी घातली.