मालवण ते परभणी, एका शेवाळासोबत

परभणीला समुद्र नाही, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तरी भर उन्हाळ्यात मी मालवणहून समुद्री शेवाळ घेऊन तिकडे निघाले, कारण प्रज्ञाला एकटीला पाठवायचा धीर होईना. ही परभणीची पोरगी शेवाळांवर पीएच.डी. करते. आमच्या खडपांत, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांत, तिला एका लाल शेवाळाची फळधारणेतली एकच फांदी मिळाली होती. ती विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात जमा झाली, तरच तिचा प्रबंध यंदा जाणार होता.

शेवाळ कागदावर पसरतात, वर मलमलचं फडकं, मग टीपकागद, आणि सगळं दोन फळ्यांत आवळून बांधतात. आपल्याच चिकानं ते कागदाला चिकटतं. पुरतं वाळेपर्यंत फडक्याला हात लावायचा नाही, नाहीतर शेवाळ फडक्याबरोबरच निघून येतं.

संभाजीनगरला प्रज्ञाच्या सरांना दाखवायचं होतं, म्हणून लांबचा रस्ता घेतला. पुणे आणि जालना असे दोन मुक्काम पडले. दोन्हीकडे आम्ही जेवणाआधी टीपकागद बदलले. देवगाव फाट्याला भजी चांगली मिळतात, पण प्रज्ञा गाडीतून उतरलीच नाही. फळ्या मांडीवर घेऊन बसली होती. पुढे प्रत्येक गचक्याला माझ्याकडे असं बघायची, जणू खड्डे मीच खणलेत.

बोरीला तिच्या आत्याकडे जेवलो. ठेचा खाऊन माझी वाचा बसली. फळ्या माजघरात ठेवल्या आणि जरा आडव्या झालो, तिथंच घात झाला. उठून पाहतो तर फळ्या मोकळ्या!

आम्ही गच्चीवर धावलो. कुरडयांच्या शेजारी आमचे कागद उन्हात वाळत होते. चिकवड्या सोडवतात तसं आत्यांनी फडक्यावर पाणी शिंपडून ते हलक्या हातानं ओढून काढलं होतं. फांदीचा चुरा फडक्याला, बाकी कागद कोरा. माझ्या ओठांवर शिवी आली होती.

आत्यांचा चेहरा उतरला. "ओलं व्हतं गं, बुरशी धरली असती. काई बिघडलं का?"

प्रज्ञानं कागद हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला.

"न्हाई आत्या," ती म्हणाली, "लय चांगलं वाळलंय."

परभणीत संग्रहाच्या मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. प्रबंध पुढच्या वर्षावर गेला. प्रज्ञा बाहेर येऊन पायरीवर बसून रडली. मी आत्यांवर आग पाखडली, तर उलट मलाच बोलली, "त्यांना सांगशील तर बघ."

घरी येऊन महिना झाला. राग गेला म्हणणार नाही; एवढं सोनं हातचं गेलं. पाऊस सरला की प्रज्ञा पुन्हा खडपांत येणार आहे. ही पोस्ट तिला विचारूनच टाकतेय, नावगाव बदलून. काल फोनवर म्हणाली, आत्या गावभर सांगत्यात, विद्यापीठाचं शेवाळ आमच्या गच्चीवर वाळलं.