गाडी कोणाची

वकिलांनी दिलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत 'नादार' हा शब्द होता. अर्जदारास नादार घोषित करण्याबाबत. मी तो बाबांना वाचून दाखवला आणि मनात फोड केली: ना दार. ज्याला दार नाही असा माणूस. आमचं घर बँकेने आधीच घेतलं होतं, इंदोऱ्यात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो, त्यामुळे मला तो शब्द अगदी बरोबर वाटला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी वाचते, पण कोर्टाची मराठी वाचताना भिंत चाचपत चालल्यासारखं होतं. बाबांना अर्थ विचारला नाही. तो त्यांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी भंडाऱ्याहून ताईचा फोन आला, तेव्हा तिला सांगितलं.

"अवं येडे," ती म्हणाली, "नादार म्हणजे दिवाळखोर. दाराचा काय संबंध? थांब, बाबाले दे फोन."

बाबांनी फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि हसले. खांदे हलवत, डोळे मिटून. दुकान बंद झाल्यापासून ते असे हसले नव्हते. रोज ऑफिसमधून आल्यावर मी त्यांच्याशेजारी बसून कागद लावत होते, झेरॉक्स काढत होते, वकिलांकडे जात होते. एवढ्या महिन्यांत मला ते जमलं नव्हतं. आणि आता जमलं तेही माझ्याच चुकीवर, ताईच्या तोंडून.

बाबांचं गांधीबागेत लग्नपत्रिकांचं दुकान होतं. इतर दुकानांत अल्बम उघडला की पहिल्या पानावर गणपती. आमच्याकडे पिंपळाचं पान आणि 'मंगल परिणय'. आमच्या वस्तीतली अर्धी लग्नं बाबांनी छापली होती. मग त्यांनी कर्ज काढून मोठं मशीन घेतलं, आणि त्याच सुमारास लोक पत्रिका फोनवर पाठवू लागले. छापायच्या त्या फक्त पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यांसाठी. कर्ज बाबांच्या स्वतःच्या नावावर होतं, म्हणून कोर्टातही त्यांनाच उभं राहायचं होतं. सुनावणीत बँकेचा वकील प्रश्न विचारणार. बाबांनी काही लपवलंय असं दिसलं तर अर्ज फेटाळला जाणार आणि वसुलीची माणसं पुन्हा दारात येणार. भाड्याच्या का होईना, दारात.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात ताई आली. भावजींना भंडाऱ्यालाच ठेवून, एक बॅग आणि डबाभर अनारसे घेऊन. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सदरला वकिलांच्या ऑफिसात गेलो. वकील वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी बाबांना सगळं क्रमाने विचारायला सुरुवात केली.

"मोठ्या मुलीच्या लग्नात दागिने दिले?"

"दिले साहेब. लग्नात दिले, ते तिचे." बाबांनी एका दमात सांगितलं.

"ठीक. लग्नही जुनं आहे. ते स्त्रीधन, त्याला कोणी हात लावत नाही." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि स्कूटर कोणाची?"

बाबा थांबले. "ते तिची आहे." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"पैसे कोणी भरले?"

"मी."

"मग झालं! गाडी घेतली अर्जाच्या आधी, दोन वर्षं पण झाली नाहीत. पैसा तुमचा, नाव मुलीचं. कोर्ट म्हणेल गाडी तुमचीच. ती रिसीव्हरकडे जाईल, म्हणजे कोर्ट जो माणूस नेमेल त्याच्याकडे. तो विकून पैसे वाटेल. तुम्ही तिथं 'ते तिची आहे' म्हणाल तर बँकेचा वकील तेच धरून बसेल, की यानं माल पोरीच्या नावावर लपवला. सरळ सांगायचं: पैसे मी दिले, नाव मुलीचं आहे. बोला."

"पैसे मी दिले," बाबा म्हणाले, "पण गाडी तिची आहे साहेब."

वकिलांनी पेनचं टोपण लावलं. "घरी प्रॅक्टिस करा. आणि भाऊ, सुनावणीला त्या गाडीवर येऊ नका."

मी ताईच्या हातांकडे बघत होते. तिने पाटल्या पदराखाली घेतल्या नव्हत्या, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. तिचं लग्न झालं म्हणून तिचं ते तिचं. माझं झालं नाही म्हणून माझं ते बाबांचं. कायद्याचं म्हणणं एवढं सोपं होतं की मला एकदाही वाचावं लागलं नाही.

त्या गाडीबद्दल सांगायला हवं. वर्धा रोडला मला शाळेचे ऑनलाइन धडे तपासायची नोकरी लागली त्या आठवड्यात बाबांनी ती आणली. दुकान तेव्हाच डळमळलं होतं. घ्यायला नको होती, हे आज कळतं. पिस्ता रंगाची. पत्रिकांना लावायचे सोनेरी गोंडे असतात, त्यांतले दोन त्यांनी हँडलला बांधले होते. "हॉर्न वाजवून पाह," एवढंच म्हणाले. मी वाजवला. आरसीवर माझं पूर्ण नाव होतं. याआधी बाबांनी माझं नाव एकदाच छापलं होतं, ताईच्या पत्रिकेवर. मखमली कागदाची, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी पत्रिका; पुढे कितीतरी वर्षं ती अल्बममध्ये पहिली लावलेली असे. तिच्या तळाशी लहान मुलांची ओळ: 'माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली माझं घरातलं नाव. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात दुसरं लहान मूल नव्हतं.

घरी तालीम सुरू झाली. वकील व्हायचं ताईने स्वतःच ठरवलं. माझं काळं जॅकेट उलटं घातलं, आईचा पांढरा रुमाल गळ्याशी खोचला आणि पलंगासमोर येरझाऱ्या घालू लागली.

"अर्जदार, नाव सांगा!"

"तुले माहीत नाही काय वं?" बाबा म्हणाले.

"कोर्टाले उलट प्रश्न विचारू नका! पोरीच्या लग्नात दोन-दोन गोड पदार्थ काहून केले?"

"तुया सासऱ्यानं मागितले म्हणून."

"साक्षीदारानं माया सासऱ्याचं नाव काढू नये!"

बाबा हसून पाणी प्यायले. आतून आई म्हणाली, "कोर्ट उठलं असन तं जेवून घ्या. पोळ्या थंड होऊन राहिल्या."

मी दाराशी फाइल धरून बसले होते. कोणता कागद कुठे आहे हे मला विचारलं की मी द्यायची. ताई मला 'शिरस्तेदार', म्हणजे कोर्टाचा कारकून, म्हणू लागली आणि बाबाही म्हणू लागले. मला ते आवडलं नाही. ताईला आठ दिवसांत जे मिळालं होतं ते मला हवं होतं. मी नीट बघत होते, ती हे करते कसं. ती बाबांच्या फार जवळ बसायची, त्यांच्याच ताटातला कांदा उचलायची, त्यांना चूक म्हणायची. मी हे करून पाहिलं असतं तर घरातल्या सगळ्यांना वाटलं असतं की मला ताप आलाय.

पण गाडीचा प्रश्न आला की तिचंही चालत नव्हतं.

"स्कूटर कोणाची?"

"तिची."

"बाबा! वकिलानं काय सांगितलं?"

"पैसे मी दिले, नाव तिचं हाय."

"मग गाडी कोणाची?"

"आता मुलीले दिली म्हणजे तिचीच न."

रोज तेच. दागिन्यांचं उत्तर रोज एका दमात, गाडीपाशी रोज गाडं अडलेलं. मला त्या एका दमाचा हेवा वाटायचा. ताईचं ते ताईचं, हे सांगताना त्यांना श्वास घ्यावा लागत नव्हता. माझ्यापाशी आले की ते शब्द शोधत राहायचे.

सुनावणीच्या दोन दिवस आधी स्वयंपाकघरात भांडण झालं. मी भांडले नाही, मी फक्त म्हणाले, "तुझं बरं आहे. तुझं कोणी काही घेत नाही."

ताई लसूण सोलत होती. तिने मान वर केली. "जळून राहिली काय वं तू?"

मी ओटा पुसू लागले.

"जळ. पण एक सांग मले. तुई शाळा कोणी परत मागून राहिलं का? इतक्या वर्षांची फी, बस, ते गणवेशाचे दोन-दोन जोड? आहे का त्या यादीत कुठं? मी मनपाच्या शाळेत चपलेनं गेली. तुया टायले इस्त्री कोण करे?"

"तू."

"मी. आन एकदा तुमी सगळे बाहेर गेले तवा आरशासमोर गळ्यात घालून पाहिला. गाठ नाही आली मले मारता." तिने लसणाची सालं मुठीत गोळा केली. "गाडी घेऊन जातीन. इंग्रजी कसं घेऊन जातीन?"

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. माझ्याकडेही असं काहीतरी होतं ज्याच्यासाठी ताई रिकाम्या घरात आरशासमोर उभी राहिली होती. ते मला नवीन होतं, आणि त्या दिवशी ऑफिसला जाताना मी ते पुन्हा पुन्हा मनात आणून पाहिलं.

शेवटच्या संध्याकाळी ताईने जॅकेट काढून माझ्या मांडीवर टाकलं. "माया घसा बसला. आता तूच विचार. तुयाच गाडीचा प्रश्न आहे."

मी जॅकेट घातलं नाही. बाबांच्या समोर स्टूलवर बसले. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, आणि बाबांना प्रश्न विचारायची त्याहून नाही.

"गाडी कोणाची?"

"तुई," बाबा म्हणाले.

ताईला ते 'तिची' म्हणायचे. मी विचारल्यावर ते 'तुई' झालं. मला इथेच त्यांना दुरुस्त करायचं होतं. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं. मी केलं नाही.

"कोणाची?"

"तुई वं. तुले घेऊन दिली न मी."

"पण गाडी कोणाची?"

"सांगतलं न माय, तुई."

ताई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला कळलं होतं मी काय करतेय ते. तिचा हात पाटलीवर होता आणि चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं आणि आणखी एकदा विचारलं. मुद्दाम.

मग आवाज सांभाळून म्हणाले, "बाबा, उद्या असं म्हणायचं नाही. उद्या 'पैसे मी दिले, नाव मुलीचं' म्हणायचं, आणि थांबायचं. नाहीतर अर्ज जाईल. मी जाईन ना ऑफिसला बसने."

"तू म्हणतेस तं म्हणतो."

"म्हणा."

"पैसे मी दिले. नाव पोरीचं आहे."

"पुढे?"

"पुढं काही नाही."

पहिल्यांदाच बरोबर आलं. ते माझ्यासमोर आलं, ताईसमोर नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

कोर्टात आम्ही मेट्रोने आणि पुढे ऑटोने गेलो. आई आली नाही. मी आणि ताई मागच्या बाकावर बसलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते कोणाच्यातरी लग्नाला आल्यासारखे दिसत होते. बँकेचा वकील तरुण होता, घाईत होता. त्याने दुकानाचं विचारलं, मशीनचं विचारलं.

"मोठ्या मुलीला दागिने दिलेत?"

"लग्नात दिले, ते तिचे."

"अर्जाच्या आधी एक स्कूटर घेतलेली दिसते. ती कोणाची?"

ताईने माझा दंड धरला.

"पैसे मी दिले," बाबा म्हणाले. "नाव पोरीचं आहे."

इथे थांबायचं होतं. वकील पुढच्या कागदाकडे वळलाही होता. बाबांनी कठड्यावर हात ठेवला आणि न विचारता म्हणाले, "साहेब, चालवते चांगली. आजवर एक ओरखडा नाही."

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं, मग पुन्हा लिहू लागले. आमचे वकील कपाळ चोळत होते. बँकेच्या वकिलाने पुढचा प्रश्न विचारला. कोणाचं काही बिघडलं नाही. अर्ज टिकला, पुढे हुकूमही झाला, आणि गाडीही गेली.

बाहेर व्हरांड्यात बाबा वकिलांशी बोलत उभे राहिले. आम्ही दोघी खांबापाशी थांबलो.

"ते ओरखड्याचं मी नाही शिकवलं त्याले," ताई म्हणाली.

"मीही नाही."

ती मनगटावरची पाटली फिरवत होती. "मायं तं एका दमात सांगून टाकलं," ती म्हणाली. "लग्नात दिले, ते तिचे. झालं."

आठ दिवस ज्याचा मला हेवा वाटत होता तोच तो दम. तिच्या बाजूने तो असा दिसत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुझी पत्रिका त्यांनी अल्बममध्ये कायम पहिली लावली, असं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. ती वाट बघत होती असं वाटलं.

मी फाइल छातीशी धरली आणि बाबांकडे बघत राहिले. एक ओरखडा नाही. ते वाक्य माझं होतं, आणि इतक्यात मला ते कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.