नवा सायलेन्सर आणि वाढलेलं अ‍ॅव्हरेज

मंडळी, माझी पंधरा वर्षं जुनी मोटरसायकल आता बावन्नचं अ‍ॅव्हरेज देतेय. आधी जेमतेम पंचेचाळीस द्यायची.

गेल्या महिन्यात जळगावच्या नाना मेस्त्रींनी एअर फिल्टर साफ केला, चोक झालेला सायलेन्सर बदलला. आज त्यांना आकडा सांगितला, तर खूश होऊन म्हणाले, "भाऊ, हाऊ बठ्ठा सायलेन्सरना फरक शे!"

सगळं श्रेय सायलेन्सरला. मीही हो म्हटलं.

एरंडोलहून रोज जळगावला ड्युटीवर येताना माझी मोठी बहीण, अक्का, मागे बसायची. मांडीवर दोघांचे डबे. ती वारली, तेही गेल्याच महिन्यात. नानांना मी सांगितलं नाही.

मी निघताना त्यांनी मागचे उघडे फूटरेस्ट पायाने दुमडले.

जुन्या गाडीवाल्यांनो, एकट्याने चालवल्यावर अ‍ॅव्हरेज किती वाढतं हो?