मागे लावलेली गाडी

"एकदम मस्त आहे," असं म्हणत ली आत आला, तेव्हाच मला कळलं की त्याची मांडी अजून दुखतेय. समोर एवढी जागा रिकामी असताना त्याने गाडी इमारतीच्या मागे लावली होती.

मी कॅनडातल्या वॉन शहरातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबची फिजिओ. माझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं. खेळाडूला दुखतंय का, असं मी विचारत बसत नाही. तो गाडीतून कसा उतरतो ते बघते. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, धरला असेल तर माणूस आधी दाराला हात घालतो आणि मग बेतानं पाय बाहेर काढतो. माझी ही खोड लीला ठाऊक होती. चोराच्या मनात चांदणं.

ली स्ट्रायकर, म्हणजे गोल मारण्यासाठी पुढे ठेवलेला माणूस. उभी कारकीर्द इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, आज या गावाचा क्लब, उद्या त्या. तिथे दुखतंय म्हटलं की जागा दुसऱ्याला जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तो न शिकवता शिकला होता. संसार कॅनडात हलवला तरी सवय सुटली नाही. आता शनिवारी त्याची शेवटची मॅच होती आणि ती बघायला त्याचे वडील इंग्लंडहून आले होते.

मी ओके दिल्याशिवाय जखमी खेळाडू उतरत नाही, असा आमच्याकडे नियम आहे. कोचने बरीच गळ घातली. मी स्नायू ताणून, दाबून पाहिला. फाटलेला नव्हता, पण पूर्ण भरलेलाही नव्हता. मी नाही म्हटलं. ली टेबलावरून उतरून बूट घालू लागला. मला फार वाईट वाटलं. शिवाय त्याला खेळताना मलाही बघायचं होतं.

"एका अटीवर," मी म्हटलं. "शेवटची थोडी मिनिटं. पळायचं नाही. बॉल अडवायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. स्नायू ओढला की हात वर करायचा आणि बाहेर यायचं."

"मी आजवर कधीच हात वर केलेला नाही."

"म्हणून तर अट."

शनिवारी बोचरा वारा होता. लीचे वडील माझ्या मागच्याच बाकावर थर्मास घेऊन बसले होते. मॅच बरोबरीत असताना ली उतरला. गोलकडे पाठ करून त्याने बॉल अंगावर घेतला, डिफेंडरला रेटून धरलं आणि बाजूने येणाऱ्या सोबत्याला अलगद सरकवला. गोल झाला. सगळे त्या सोबत्याकडे धावले. ली जागेवरच उभा होता.

त्याने वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि हळूच हात वर केला.

"हे त्याने कधी केलं नव्हतं," मागून वडील म्हणाले. मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. गोलला वाजवल्या त्यापेक्षा जास्त वेळ वाजवल्या. माझे डोळे भरून आले, वाऱ्याचं निमित्त होतंच.

ली आता आमच्याच क्लबात कोचिंग करतो आणि गाडी माझ्या खिडकीसमोर लावतो. नवे खेळाडू मात्र अजून 'एकदम मस्त' म्हणतच आत येतात. मी आधी इमारतीच्या मागे चक्कर मारून येते.