कल्ब जारी झाला म्हणे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात उभी होते. "वसू, हे बोलून नाही राहिले," एवढंच ती म्हणाली. रिक्षा करून चौबे कॉलोनीत पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. विनूभैया, माझा सख्खा थोरला भाऊ, आपल्या बैठकीच्या आसनावरच एका कुशीला कलंडलेला होता, आणि माझ्याआधी तिथं शंकर नगरच्या साधना केंद्रातली मंडळी येऊन उभी होती. पांढरे कुडते, हात जोडलेले, चेहऱ्यावर दुःख कमी आणि कौतुक जास्त. "क्या मौत पाई है दीदी, नाम लेते-लेते गए," त्यातला एक जण मला म्हणाला. मी वहिनीकडे वळले. घरात प्रेत होतं, वहिनी भिंतीला टेकून बसली होती. पण महिना होत आला, ते वाक्य माझ्या घशात अडकलेलं आहे. आज ते इथं काढून टाकते. ज्यांना गेलेल्या माणसाविषयी फक्त गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

भैया बावळट नव्हता, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल. रेल्वेच्या ऑफिसात उभी हयात गेली त्याची. चहा करायचा तर आधी सगळ्या कपांचे कान एका दिशेला लावणार, मग गॅस पेटवणार, असा माणूस. प्रत्येक गोष्टीची एक जागा असते आणि ती सापडली की काम फत्ते, यावर त्याचा भारी विश्वास. लहानपणी आई आम्हाला दिव्यासमोर बसवून स्तोत्र म्हणून घ्यायची. त्यात देवाचं एकेक नाव एकेक अवयवाला जोडलेलं असायचं. डोकं या नावाच्या हवाली, डोळे त्या नावाच्या, हृदय आणखी एका. मी पाठ केल्यासारखं धाडधाड म्हणून मोकळी व्हायचे. भैया मात्र प्रत्येक नावाला तिथं तिथं बोट टेकवायचा. गुडघ्याचं नाव आलं की वाकून गुडघ्याला. आई हसायची, बाबा म्हणायचे, "पाह्य, हा पोट्टा न्यास करून राहिला." पूजेत मंत्र म्हणत अंगाला हात लावतात त्याला न्यास म्हणतात, हे त्याला तेव्हा कळलं आणि जन्मभर पुरलं.

ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर सिद्दीकी साहेब होते. बैजनाथ पारा या मोहल्ल्यात राहणारे, उर्दूत एम.ए. केलेले, बोलायला मृदू आणि चिडायला अवघड. दुपारच्या सुट्टीत ते तसबी, म्हणजे त्यांची जपमाळ, घेऊन डोळे मिटून बसत. भैयानं एकदा विचारलं, काय म्हणता? त्यांनी सांगितलं, अल्लाहची नावं. रहमान, सलाम, लतीफ, नूर, वदूद... नव्याण्णव सांगतात, पण त्याची नावं तेवढ्यावर संपत नाहीत. आणि मग त्यांनी ते सांगितलं, ज्यानं आमचा भैया वेडा झाला. त्यांच्या घराण्याच्या सूफी परंपरेत छातीत पाच जागा मानतात. डाव्या स्तनाखाली दोन बोटं कल्ब, म्हणजे हृदय, उजवीकडे तशीच रूह, म्हणजे आत्मा, त्यांच्या वर सिर आणि खफी, आणि मधोमध सगळ्यात झाकलेली ती अख़्फ़ा. एकेका जागेवर लक्ष ठेवून नाव घ्यायचं. या जागांना लतीफा म्हणतात, म्हणजे सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारं. हिंदीत लतीफा म्हणजे विनोद, हे आमच्या रायपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या संध्याकाळी भैया घरी येऊन म्हणाला, "वसू, माझ्या छातीत पाच लतीफे आहेत, आणि तुले एकही समजून नाही राहिला." स्वतःच पोट धरून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "अगं, हा तर न्यासच आहे. तेच. फक्त नावं दुसरी."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. कुणाला नाव घेताना छातीवर लक्ष ठेवून शांत वाटत असेल तर त्यात कुणाच्या बापाचं काय जातं? सिद्दीकी साहेबांकडे भैया वर्षानुवर्षं जात राहिला. ईदच्या शेवया खाऊन यायचा, दिवाळीचा चिवडा देऊन यायचा, आणि मध्ये कधीतरी दोघं डोळे मिटून बसायचे. तिथंच त्याला तो शब्द मिळाला. जारी. कल्ब जारी होणं. सिद्दीकी साहेबांनी सांगितलं होतं, पुष्कळ वर्षं नाव घेतलं की कधी कधी जीभ थांबते आणि दिल आपणहून नाव घेऊ लागतं, त्याला म्हणतात कल्ब जारी झाला. भैयानं विचारलं, ते कळतं कसं? ते म्हणाले, "विनायक बाबू, जिनका हुआ वो बताते नहीं फिरते।" हे उत्तर भैयाला पटलं नाही. रेल्वेत आदेश जारी होतो तेव्हा कागद येतो, शिक्का येतो, सगळ्यांना कळतं. इथंही काहीतरी खूण असणारच, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. त्याच्यासारख्या आयुष्यभर आदेशांच्या प्रती वाचलेल्या माणसाचीच ही चूक, दुसऱ्या कुणी केली नसती.

आणि मग खूण विकणारा भेटला. निवृत्तीनंतर शंकर नगरातल्या त्या केंद्रात कुणीतरी त्याला नेलं. तिथले 'सर', त्यांचं नाव मी घेणार नाही, फुकट जाहिरात कशाला. भिंतीवर माणसाचं मोठं चित्र, पाठीच्या कण्यात सात चक्रं, आणि प्रत्येक चक्रासमोर अल्लाहचं एक नाव. आज्ञेवर 'या नूर', अनाहतावर 'या वदूद', मूलाधारावर 'या कय्यूम'. अरबीत 'या' म्हणजे आपलं 'हे', हाक मारतानाचं. भैया मोहरून गेला. त्याला जे अर्धवट दिसलं होतं ते कुणीतरी रंगीत छापून भिंतीवर लावलं होतं. मोबाइलवर फोटो काढून तो सिद्दीकी साहेबांना दाखवायला गेला. मी बरोबर होते. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले, जोगी आणि फकीर जुन्या काळापासून एकमेकांच्या शेजारी बसत आले आहेत, एकमेकांना विचारत आले आहेत, यात नवल नाही. "लेकिन ये किसने तय किया कि कौन सा नाम कहाँ की दवा है?" भैया म्हणाला, सरांनी, अनुभवातून. सिद्दीकी साहेबांनी फोन परत दिला आणि आतून चहा मागवला. त्यांचा तो सभ्यपणा मला तेव्हाही सहन झाला नाही. पण ते आणखी काय करणार होते? साठी उलटलेल्या माणसाला कान धरून बसवता येत नाही.

थंडी सुरू झाली आणि एका सकाळी माझ्या फोनवर भैयाचा आवाज आला. "वसू! कल्ब जारी झाला!" आनंदानं आवाज फुटत होता. मी तशीच त्याच्या घरी गेले. विचारलं, म्हणजे काय झालं नेमकं? म्हणाला, कल्बच्या जागी, अगदी दोन बोटं खाली, दाबल्यासारखं होतं, आतून कुणी मूठ आवळतं, मग हळूहळू सुटतं. जिना चढताना जास्त. मी कपाळावर हात मारला. "भैया, हे दुखणं आहे. छातीत दुखून राहिलं तुझ्या, आणि तू पेढे वाटून राहिला?" तो हसला. "तुले नाही समजायचं ते." मी आरडाओरडा केला, वहिनीला मध्ये घातलं, शेवटी ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तपासण्यांसाठी लगेच भरती व्हायला सांगितलं. पण भैयाचा चिल्ला चालू होता, चाळीस दिवसांची अखंड बैठक, आणि सरांनी सांगितलं होतं की चिल्ला मोडला तर उघडलेली जागा मिटते. दुखण्याबद्दल विचारलं तर म्हणे, जन्मोजन्मीची गाठ सुटते तेव्हा ताण येतोच, औषधानं दाबू नका. औषधानं दाबू नका! हे ज्याच्या तोंडून निघालं तो माणूस स्वतः सर्दी झाली तरी वाफ घेत बसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

भैया भरती झालाच नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीलाच सांगितलं.

तेराव्यानंतर त्या केंद्रात श्रद्धांजली सभा ठेवली होती. मी जाणार नव्हते, पण वहिनीला एकटीला सोडवेना. सिद्दीकी साहेबही काठी टेकत आले होते, मागच्या खुर्चीवर बसले. समोर भैयाचा फोटो, हार घातलेला, आणि त्याच्या मागे ते सात चक्रांचं चित्र. सर माइकवर म्हणाले, "जिस क्षण उनका क़ल्ब पूरा जारी हुआ, उसी क्षण उन्होंने देह छोड़ दी। ऐसे साधक बिरले होते हैं।" लोकांनी डोळे पुसले. वहिनीनंही पुसले, आणि तिच्या चेहऱ्यावर भैया गेल्यापासून पहिल्यांदा थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं, म्हणून मी दात आवळून बसून राहिले. इतक्यात माझ्या शेजारची बाई, पन्नाशीची असेल, माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "दीदी, मेरा भी जारी हो रहा है। कल से। यहीं।" आणि तिनं डाव्या स्तनाखाली हात ठेवला. तिच्या कपाळावर घाम होता. ती हसत होती.

मी उठून काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. माझ्या भावाचा फोटो उतरवा, असं म्हणाले हे नक्की. हा मेला नाही, याला मरू दिलं, असंही म्हणाले. सर शांत आवाजात "बहन जी दुख में हैं" म्हणत राहिले आणि लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहू लागले. दवाखान्यात चल म्हटलं तर ती बाई जागची हलायला तयार नव्हती. बैठक मोडते म्हणे. तेव्हा मागून काठीचा आवाज आला. सिद्दीकी साहेब तिच्यासमोर येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रागावलेलं पाहिलं. "बेटी, नाम गाड़ी में भी लिया जा सकता है। उठो।" ती उठली.

दवाखान्यात तिला आडवं केलं, छातीला तारा चिकटवल्या, यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. पित्त निघालं. साधं पित्त. गोळी देऊन घरी पाठवलं. केंद्रातल्या मंडळींना तो मोठाच विनोद झाला. अजूनही सांगून हसतात म्हणे. हसू द्या. मी त्या बाकड्यावर बसून रागानं रडले, ती बाई वाचली म्हणून नाही की तिला काही झालं नव्हतं म्हणूनही नाही. एवढंच तर करायचं होतं! तारा चिकटवायच्या, पट्टी पाहायची, डॉक्टरांनी ठेव म्हटलं तर राहायचं. भैया, तिथल्या पलंगावर पडून घे ना हवं ते नाव, कोण तुला अडवतं? सिद्दीकी साहेब शेजारी बसले होते. त्यांनी समजूत घातली नाही. त्यांचेही ओठ थरथरत होते, आणि ते नाव घेत होते की रडू आवरत होते, मला सांगता येणार नाही.

परवा वहिनीनं मला भैयाचं कपाट आवरायला बोलावलं. सदरे, मफलर, एका दिशेला तोंड करून लावलेले बूट... बनियनं काढायला घेतली तर सगळ्यांवर डाव्या बाजूला तळहाताएवढा तेलकट पिवळा डाग. धुऊनही न गेलेला. मी एक बनियन नाकाशी नेलं.

"बाम आहे तो," वहिनी म्हणाली. "मीच लावून देत होती. रोज, बसायच्या आधी. म्हणायचे, वसूले सांगू नको, ते ओरडन."

मला भैयाचा इतका राग जन्मात कधी आला नव्हता. जगाला सांगायचं जारी झालं, आणि दार लावून बाम चोळून घ्यायचा. त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी ठाऊक होतं. मी ते बनियन हातात चुरगाळून उभी राहिले. वहिनी पलंगाच्या कडेला बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वसू, जारी नव्हतं ना ते?"

महिनाभर मी हेच ओरडून सांगत होते, सरांना, सभेला, भेटेल त्याला. आता विचारणारी वहिनी होती, आणि तिच्याजवळ त्या एका शब्दाशिवाय दुसरा आधार नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं. मी तिच्या शेजारी बसले.

"नाही वहिनी. दुखत होतं त्याले."

"हव," ती म्हणाली. शेजारच्या दुर्ग शहरात वाढलेली, होकार तिच्या तोंडून असाच येतो. मग माझ्या हातातलं बनियन घेऊन तिनं मांडीवर ठेवलं आणि त्याच्या चुण्या सारख्या करू लागली.

"मले माहीत होतं. बाम लावला की अंग चोरून घ्यायचे."