नानांचा नऊ नंबर

सकाळी कुंड्यांना पाणी घालत होतो, तेवढ्यात अस्लमचा फोन आला. तो एरवी फोनवर आधी पाच मिनिटं माझी टिंगल करतो आणि मग कामाचं बोलतो. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "नाना गेला गा..." अस्लम नानांना पहिल्यापासून अरेतुरेच करायचा. आमच्या नागपुरात जीव लागला की अहोजाहो सुटतं. मी रिक्षा पकडून प्रताप नगरला गेलो. नाना झोपेतच गेले होते. जन्मभर ज्या माणसानं कुणाला त्रास दिला नाही, त्यानं जातानाही दिला नाही. या गोष्टीला आता महिना झाला, म्हणून जरा शांतपणे लिहिता येतंय.

नाना आमच्या कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या हॉकी संघाचे कप्तान. संघ कसला, शहरातले लोक आम्हाला 'राख पार्टी' म्हणायचे. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत आमच्याशी गाठ पडली की समोरचे खेळाडू डबे घेऊन सहलीला आल्यासारखे यायचे. मी फुलबॅक होतो, त्यामुळे आमच्यावर झालेले बहुतेक गोल मी अगदी जवळून पाहिलेत. शेवटी केंद्राच्या साहेबांनी नानांना बोलावून सांगितलं, यंदाही पहिल्याच फेरीत घरी आलात तर संघ बंद, आणि मैदानावर कोळशाचे ट्रक उभे राहतील. नाना आम्हाला हे सांगत असताना त्यांची नजर मैदानावर होती. त्यांचं सगळं तारुण्य त्या मुरमावर गेलं होतं.

त्याच सुमाराला शहरातला सगळ्यात भारी सेंटर फॉरवर्ड, म्हणजे अस्लम, आपल्या क्लबाशी भांडून घरी बसला होता. घरी म्हणजे कळमन्याला, भावाच्या संत्र्यांच्या आडतीवर. चांगले चांगले संघ त्याच्यामागे लागले होते, कुणी नोकरी देत होतं, कुणी गाडी. नाना आडतीवर गेले, अर्धा तास संत्र्याच्या भावावर बोलले आणि उठताना म्हणाले, खेळू नको, एकदा मैदान पाहून जा.

अस्लम आला तेव्हा आम्ही खडे वेचत होतो. ही नानांची पद्धत. सरावाआधी सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं आणि वाकून खडे वेचत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. नाना म्हणायचे, "आपल्या इथं बॉल खेळाडूचं आयकत नाही, खड्याचं आयकते. म्हून पहिले खडे." अस्लम थोडा वेळ बाहेर उभा राहिला. नानांनी वर न पाहता बादली त्याच्याकडे सरकवली. पुढे अस्लम हा किस्सा रंगवून सांगायचा, "बाकी सारे मले काय काय देतो ते सांगून राहिले होते. हा गडी म्हणे, बकेट धर."

दुसऱ्या दिवशी नानांनी धुऊन घडी केलेली एक जर्सी अस्लमच्या हातात ठेवली. नऊ नंबर. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो, कारण नऊ नंबर नानांचा होता. सेंटर फॉरवर्ड तेच खेळायचे. अजून दोन-तीन हंगाम सहज खेळले असते, आणि खेळण्यावाचून त्यांना दुसरं काही सुचतही नव्हतं. कप्तानकी त्यांनी मला दिली आणि बादली घेऊन ते मैदानाबाहेर उभे राहिले. वहिनी परवा म्हणाल्या, "त्या दिवशी जेवलेच नाही ते. पोट ठीक नाही म्हणे. मले समजलं, भाऊजी."

एवढं करून आम्ही आणखीच हरायला लागलो! सरावाचे सगळे सामने हरलो. आधी निदान धावत तरी होतो, आता बॉल अस्लमकडे ढकलायचा आणि लग्नातल्या पाहुण्यांसारखं उभं राहायचं. मोठा खेळाडू आला की बाकीच्यांना वाटतं आपलं काम संपलं. वसाहतीत लोक नानांना तोंडावर बोलायला लागले, की स्वतःची जागा घालवून काय मिळवलं? नाना रोज सरावाला बादली घेऊन हजर.

पहिल्या फेरीच्या दिवशी आम्ही बूट बांधत असताना नाना शांतपणे म्हणाले, "आज अस्लमले कोणी बॉल द्यायचा नाही."

आम्हाला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. पण अस्लम गालात हसत होता. त्याचं आणि नानांचं आधीच ठरलं होतं. अस्लम नुसता इकडून तिकडे पळत राहिला. समोरच्या संघाचे दोन बॅक जळवांसारखे त्याला चिकटले, मधली जागा मोकळी झाली आणि आमची पोरं कधी नव्हे ती स्वतःच्या डोक्यानं खेळली. एका गोलनं जिंकलो. करंडक नाही मिळाला, पण मैदान राहिलं. पुढच्या वर्षी अस्लमच्या नावामुळे दोन चांगले खेळाडू आपणहून आले, मग त्यांच्यामागून आणखी. प्रत्येकाच्या हाती पहिल्या दिवशी बादली. नाना मात्र पुन्हा कधी सामना खेळले नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं, आजही वाटतं...

तेरवी झाल्यावर अस्लम म्हणाला, चल, कोराडीले जाऊन येऊ. मैदानावर मुलींचा सराव सुरू व्हायचा होता. सगळ्या एका रांगेत वाकून खडे वेचत होत्या. ही पद्धत कुणी सुरू केली, त्यांना ठाऊक नव्हतं, इथं असंच करतात म्हणाल्या. दुखरा गुडघा धरून अस्लम रांगेत शिरला. शेजारच्या मुलीच्या पाठीवर नऊ नंबर होता.

त्यानं तिला विचारलं, "तुयापेक्षा भारी कोणी आली, तर हा नंबर देशीन का तिले?"

तिनं जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "नाही देणार, काका."

"मी बी नसता देला," अस्लम म्हणाला. मग बराच वेळ तो वाकूनच राहिला. मी बादली त्याच्याजवळ नेऊन ठेवली.