पुतळाबाईंची पेटी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिवराम आधी एक शब्द लिहायचा. द्रोणागिरीच्या गोदामातल्या ऑफिसात बसून तो बेलापूरजवळच्या गावातला आपला घरचा कॉम्प्युटर नेटवरून उघडायचा आणि सकाळी आईच्या तोंडून ऐकलेला शब्द तिथल्या यादीत घालायचा. खाडीचे, मिठागराचे, जाळ्यांचे शब्द. अकरा वर्षांत दोन हजारांवर गेले होते. त्यांची दुसरी प्रत मात्र नव्हती. उद्या करू म्हणत राहून गेली होती.

त्या मंगळवारी कॉम्प्युटर उघडेना. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. त्यानं आईला, पुतळाबाईंना, फोन लावला.

"आये, लाईट हाय ना?"

"हाय. नेटवाला आलता. जुनी पेटी घेऊन गेला, नवीन दिली."

आई कॉम्प्युटरलाही पेटीच म्हणायची. इतके शब्द जमवणारा माणूस, आणि एका शब्दावर अडला; सगळी यादी त्या मोठ्या पेटीत होती.

"कोनती पेटी गो? खालची मोठी?"

"अरं, भिंतीवरची! दिवं लुकलुकतान ती. मोठीला कोन हात लावतंय? तिच्यावर मी पापड ठेवलंन."

तो खुर्चीत मागे टेकला. फक्त नेटचा राउटर बदलला होता.

तेवढ्यात त्याची बायको जाई शाळेत शिकवून घरी आली. सासूकडून सगळं ऐकून तिनं फोन घेतला.

"बोला साहेब. आधी पापड उचलू?"

"उचल. मग कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघड. पासवर्ड राउटरच्याच खाली चिकटवलेला असेल."

नव्या राउटरनं कॉम्प्युटरला वेगळा नंबर दिला होता. शिवाय नेटवरून बाहेरचं कुणी आलं, तर त्याला या कॉम्प्युटरकडे धाड, हे नव्या राउटरला कुणी सांगितलंच नव्हतं. ती सूचना जुन्या राउटरबरोबर गेली होती. शिवराम सांगत गेला, जाई आकडे दोनदा वाचून भरत गेली.

"सेव्ह केलं. आता माझ्या नावाचा एक शब्द घाला यादीत."

"जुनेच शब्द घेतो मी."

"मग काय, लग्नाला सोळा वर्षं झाली, जुनीच झाले की मी!"

हसता हसता त्यानं पुन्हा जोडून पाहिलं. यादी उघडली. कालचा शब्द शेवटच्या ओळीत होता. नवा लिहायच्या आधी त्यानं सगळी यादी पेनड्राइव्हवर उतरवली, ती पूर्ण उतरेपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाही. मग छाती भरून श्वास घेतला.

फोनवर जाईच्या मागून आईचा आवाज आला, "कवा येशील रं?"

"सहाला निघतंय, आये. कोथिंबीर हाय का घरात, का आनू?"